गोवर कुणी आणला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला थोडं माहीत आहे, पण तेही अर्धवट. शाळेत तर कुणालाच नाही. तुला का सांगतेय? नीट सांगता येणार नाही. आता आत ठेवता येत नाही, एवढंच.

पण आधी चांगलं सांगते. चांगलं खूप आहे, आणि ते खोटं नाही. आम्ही जिंकलो होतो. त्या हिवाळ्याची आठवण निघाली की आजही आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचे चेहरे उजळतात — माझाही.

मी घाटकोपरला एका मराठी शाळेत प्राथमिकला शिकवते. शाळा डोंगराच्या पायथ्याशी. वर वस्ती — एकावर एक घरं, मधून पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेने पाण्याचे पाइप. आमची जवळजवळ सगळी मुलं त्या पायऱ्या उतरून येतात. कोकणातली, मराठवाड्यातली, काही उत्तरेकडची. मला सगळे परब बाई म्हणतात. वर्गाखेरीज माझ्याकडे दोन कामं होती. एक, स्नेहसंमेलनासाठी छोट्यांचा नाच बसवायचा. दुसरं, आरोग्य. आरोग्य म्हणजे जंतांच्या गोळ्या द्यायच्या, कुणी वर्गात उलटी केली की घरी फोन करायचा, आणि प्रवेशाच्या वेळी लसीकरणाची कार्डं तपासायची. कार्डावर एखादा डोस राहिलेला दिसला की मी त्या आईला चांगलंच झापायचे. "टीव्हीचा रिचार्ज विसरत नाही ना? मग लस कशी विसरता?" — असं. दहा जणींसमोर.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे गोवर आला.

पहिलीतली एक मुलगी आधी आजारी पडली. संघमित्रा इंगळे. आम्ही तिला मित्रा म्हणायचो — गोल चेहरा, पुढचे दोन दात पडलेले, आणि ते पडलेत याचा तिला भयंकर अभिमान. ताप, खोकला, डोळे लाल, मग कानामागून पुरळ सुरू झाली आणि अंगभर पसरली. पाठोपाठ तिच्या वर्गातली आणखी मुलं, मग बालवाडीतली. पालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाई शाळेत आल्या, मुलांच्या घरी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "गोवरच आहे. लवकर हालचाल करा, हा फार वेगात पसरतो."

संस्थेतल्या एकदोघांचं म्हणणं पडलं की स्नेहसंमेलन होईपर्यंत गाजावाजा नको. आमच्या मुख्याध्यापिका नाईक मॅडम एरवी संस्थेपुढे फार बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "लपवलं तर शाळेची वाट लागेल. आणि पोरांची तर आधी." एवढं बोलून त्यांनी संमेलन पुढे ढकललं, पहिली आणि बालवाडीचे वर्ग बंद केले आणि मला बोलावलं. "मेघना, पालकांना तू कळवायचंस. रोज. खोटं एक अक्षर नको, घाबरवणंही नको. जमेल?"

मी म्हणाले, जमेल. आणि खरंच जमलं गं, रे, जे काही तू असशील — इतकं छान जमलं की काय सांगू!

रोज संध्याकाळी दिवेलागणीला मी पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकायचे. आज नवीन किती मुलं आजारी, कुठल्या वर्गातली, किती बरी झाली, उद्या कुठले वर्ग भरणार. नावं नाहीत. खाली एकच सूचना, रोज वेगळी. पहिल्याच दिवशी मी लिहिलं होतं: मुलाला ताप, खोकला, लाल डोळे असतील तर त्याला शाळेत पाठवू नका. तापाचं औषध देऊन तर मुळीच पाठवू नका. हजेरी कापली जाणार नाही.

ज्यांच्याकडे तसे फोन नव्हते त्यांच्यासाठी आम्ही पायऱ्यांच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीजवळ फळा ठेवला. गणपती मंडळाच्या पोरांनी आपला लाउडस्पीकर दिला. पाचवीतल्या एका मुलीचे वडील रिक्षा चालवतात, यादवजी, त्यांनी माझा मेसेज हिंदीत बोलून रेकॉर्ड करून दिला, तोही असा की बातम्याच वाचतायत. दोन दिवसांत लोक मला म्हणायला लागले, बाई, तुमच्यापेक्षा यादवजींचा आवाज बरा!

अफवा तर यायच्याच. एका दुपारी पार वरच्या आळीपर्यंत पसरलं की बालवाडीतलं एक पोरगं गेलं. आया रडत शाळेच्या फाटकाशी आल्या. मी त्या पोराच्या बापाला फोन लावला आणि म्हटलं, तुम्हीच बोला. त्याने ग्रुपवर आवाज टाकला — "मी साहिलचा पप्पा बोलतोय. साहिल इथे बसून शिरा खातोय. त्याला मारू नका यार." फाटकाशी उभ्या आया रडता रडता हसायला लागल्या. त्या दिवसापासून वस्तीत काही ऐकू आलं की लोक म्हणायचे, थांब, शाळेचा मेसेज येऊ दे. शाळेचा मेसेज! आमच्यासारख्या, पट घसरत चाललेल्या, कुणी विचारत नसलेल्या शाळेचा. शेजारच्या दोन शाळांनी आमचा मेसेज जसाच्या तसा उचलला. मला इतकं भारी वाटायचं.

मग पालकसभा झाली. बंद हॉलमध्ये नको म्हणून मैदानात. मैदान भरलं होतं. डॉक्टर बाई बोलल्या, नाईक मॅडम बोलल्या, मी बोलले. प्रश्न आले, उत्तरं दिली. आणि मग मागून शिंदे म्हणून एक पालक उभे राहिले. त्यांचं गॅरेज आहे, आवाज मोठा. म्हणाले, "बाई, सरळ सांगा ना. ती पोरगी दिवाळीला गावाला गेली होती, तिकडनंच घेऊन आली ना हे?"

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथे छाया इंगळे उभी होती — मित्राची आई. पदर तोंडावर धरून.

मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "शाळा कुणाचंही नाव घेणार नाही."

टाळ्या पडल्या. खरंच. नाईक मॅडमनी माझ्या हातावर हलकेच थोपटलं. वाक्य बरोबरच होतं — कुठल्याही शाळेने असंच म्हणावं. पण ऐकणाऱ्यांनी त्यातून काय घेतलं? त्यांनी घेतलं — हो, तीच. बाई सभ्य आहेत म्हणून बोलत नाहीत. आणि ते तसं घेतील हे मला, बोलताना, माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून छायाला नळावर शेवटी उभं करायला लागले. ती ज्या टॉवरमध्ये दोन घरी पोळ्या करायची तिथून निरोप आला, सध्या नको. कुणीतरी म्हणालं, ह्या लोकांना स्वच्छता माहीत नाही. 'ह्या लोकांना' म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. मित्राला तोवर छातीत न्यूमोनिया झाला होता, ती पालिकेच्या रुग्णालयात होती. छाया रुग्णालयातून घरी डबा करायला यायची आणि लोक वाट सोडून बाजूला व्हायचे. मानाने नाही.

आता — आता मला ते सांगायला हवं. मी बघ, कशी गोल गोल फिरतेय. यादवजी, शिरा, टाळ्या.

माझी मुलगी ईशानी. ती पहिलीतच होती, आमच्याच शाळेत. बाकीच्या बायका आपली मुलं इंग्रजी शाळेत घालतात आणि मराठी शाळेत शिकवतात, मी तशी नाही, हे मी न विचारताही सांगायचे. छोट्यांचा नाच त्या वर्षी 'भाजीमंडई' होता. ईशानी वांगं होती. मित्रा टोमॅटो. दोघी पहिल्या रांगेत, हातात हात घालून.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. संमेलन तोंडावर, तालमी जोरात. तेव्हा एका सकाळी ईशानीचं अंग तापलेलं होतं. नाक गळत होतं, डोळे लालसर. नवरा बोटीवर असतो, वर्षातले सहा-सात महिने, तेव्हाही तिकडेच होता. घरी ठेवायचं तर मला रजा घ्यायला हवी होती. त्या दिवशी संस्थेचे लोक तालीम बघायला येणार होते. मी तिला तापाचं औषध दिलं, तोंड धुतलं, वेणी घातली आणि शाळेत नेलं. दुसऱ्या दिवशीही नेलं. ती तालमीत नाचली. खोकत नाचली. मध्ये दमून खाली बसली तेव्हा मित्राने तिला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. मी बघत होते. मी मित्राला शाबासकी दिली!

मग पुरळ आली. कानामागून. मी घाबरून तिला रिक्षात घातलं आणि आईकडे मुलुंडला नेलं. आईच्या ओळखीचे डॉक्टर होते. त्यांनी बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दुसरा डोस झालाय?" नव्हता झाला. पहिला नवव्या महिन्यात झाला होता. दुसऱ्याच्या वेळी लॉकडाऊन लागला, मग सगळं उघडलं, मग उद्या, मग पुढच्या आठवड्यात. मी! कार्डं तपासणारी मी. ईशानीच्या प्रवेशाच्या वेळी तिचं कार्ड मीच तपासलं होतं आणि मीच बरोबरची खूण केली होती.

डॉक्टर म्हणाले, "गोवर आहे. शाळेत आजच कळवा. तिच्याजवळ बसणारी मुलं बघायला हवीत." मी म्हणाले, हो, कळवते. त्यांना पालिकेला कळवायचं होतं म्हणून त्यांनी पत्ता विचारला. मी आईचा दिला. मुलुंडचा. म्हणजे घाटकोपरच्या डॉक्टर बाईंना ती मुलगी कधी दिसलीच नाही. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "शाळेत सांगतेस ना गं?" मी म्हणाले, सांगितलं, फोन केला.

शाळेला मी काय कळवलं? ईशानीला व्हायरल आहे, मुलुंडला ठेवलंय.

त्या दिवशी खरं बोलले असते तर काय झालं असतं? पहिलीतल्या मुलांना तेव्हाच लस मिळाली असती. मित्राला कदाचित काहीच झालं नसतं, किंवा थोडक्यात भागलं असतं. कदाचित बालवाडीपर्यंत गेलंच नसतं. आणि माझं काय गेलं असतं? चार आया माझ्याकडे बघून हसल्या असत्या. बस. एवढंच होतं पलीकडच्या पारड्यात.

ईशानी आईकडे आठ-पंधरा दिवसांत टुणटुणीत झाली. मित्रा आजारी पडली ती त्यानंतर. मला पहिल्या क्षणाला कळलं होतं.

मी रुग्णालयात गेले होते, मोसंबी घेऊन. मित्राच्या नाकाला ऑक्सिजन लावला होता. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. छाया कॉटच्या पायाशी जमिनीवर बसली होती. मला बघून उठली. म्हणाली, "बाई, माझ्या पोरीपायी एवढ्या लेकरांना झालं हो. दुसरी सुई राहिली होती तिची. गावाला गेलो न् राहून गेली. तुम्ही तेव्हा बोलला होतात मला, मी ऐकलं नाही."

बोललेच होते. दहा जणींसमोर.

आणि मी म्हणाले, "असं मनाला लावून घेऊ नका." हे काय उत्तर आहे? 'तुमच्यामुळे नाही झालं' असं नाही म्हणाले. 'मनाला लावून घेऊ नका'. म्हणजे झालं तुमच्यामुळेच, पण जाऊ दे. तिने माझे हात धरले. ती म्हणाली, बाई, चहा घेता का?

आमच्या दोघींची चूक एकच होती बघ. तोच डोस, तोच कंटाळा. माझी तर वर आणखी होती.

पुढचं जे झालं ते छायाने केलं. म्हणजे सगळ्यांनीच केलं, पण वळण तिने दिलं.

लसीकरणासाठी आमच्याच हॉलमध्ये शिबिर ठेवायचं ठरलं होतं. पण पहिल्या दिवशी हॉल रिकामा. नर्स बसून होत्या, लसीचे डबे बर्फात ठेवलेले, आणि मुलं मोजकीच. लोक घाबरले होते. कुणी म्हणे सुईनेच ताप येतो, कुणी म्हणे देवी अंगात असताना टोचायचं नसतं, कुणी नुसतंच — बघू. माझा मेसेज सगळे वाचत होते, आणि घरी बसत होते. मी हताश झाले होते. नाईक मॅडम हॉलच्या दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात छाया आली. मित्राचा ऑक्सिजन त्याच सकाळी काढला होता, तिला नवऱ्याजवळ ठेवून आली होती. तिने हॉल बघितला आणि नाईक मॅडमना म्हणाली, "तो भोंगा कुठंय मंडळाचा? मला द्या."

पायऱ्यांच्या तोंडाशी, गिरणीजवळ, जिथे संध्याकाळच्या वेळी अख्खी वस्ती येते-जाते, तिथे ती उभी राहिली. मी तिच्या बाजूला होते. तिने भोंगा तोंडाशी धरला.

"मी छाया इंगळे. ओळखता ना? ओळखताच. नळावरनं हाकलता तीच. ऐका. माझ्या पोरीनं गोवर आणला. माझ्याच पोरीनं. कारण तिला मी सुई दिली नाही. आज लई दिवसांनी तिच्या नाकातली नळी काढली. मी तिचा श्वास मोजत बसले होते. तुम्हाला बसायचंय? मला शिव्या द्या, काय द्यायच्या त्या द्या, उद्या सकाळी माझ्या दारात येऊन द्या. पण आत्ता पोरं उचला आणि शाळेत चला."

आणि मग — शिंदे. गॅरेजवाले शिंदे. हातातली पिठाची पिशवी तशीच गिरणीवर ठेवून वर गेले आणि दोन्ही पोरांना काखेत मारून खाली उतरले. त्यांच्या मागून दुसरं कुणी. मग तिसरं. मंडळाच्या पोरांनी काय केलं असेल? ढोल काढला! लसीकरणाला ढोल! त्या ढोलामागे पोरं नाचत नाचत शाळेत आली आणि सुई बघितल्यावर सगळ्यांनी एकदम भोकाड पसरलं. नर्स बायका हसून हसून बेजार. यादवजी रांग लावत होते, शिंदे पोरांना चॉकलेटं वाटत होते. हॉल असा भरला की खिडक्यांत माणसं.

मी त्या गर्दीत उभी होते आणि आनंदाने रडत होते. खरोखर आनंदाने. हे विचित्र वाटेल, पण त्या क्षणी मला माझं काही आठवलंसुद्धा नाही.

त्यानंतर छाया थांबलीच नाही. नर्सबरोबर दारोदार फिरली. मीही फिरले. पार वरच्या टोकाला एक मालवणी आजी राहायची, तिची नात तापाने फणफणलेली आणि धाकटा नातू अजून धड. आजी दारातच आडवी. "देवी इली हा घरात. सुई टोचूक देवचंय नाय."

मी समजावायला लागले — व्हायरस, प्रतिकारशक्ती. मालवणी मीही बोलते, तरी माझ्या तोंडून पुस्तकच बाहेर पडत होतं. छायाने मला हाताने मागे केलं. ती आजीच्या पायाशी उंबऱ्यावर बसली. "आज्जी, माझ्याकडं पण आली होती. देवी असती तर लेकराचा श्वास कशाला कोंडला असता? देवीला लेकराचा श्वास काय करायचाय?"

आजीही तिच्यासमोर खाली टेकली. मग मित्राची चौकशी केली, "तुझा चेडू कसा आसा आता?"

"शिरा मागतंय."

आजीने नातवाचा हात धरून पुढे केला.

असं एकेक घर. कुठे चहा, कुठे शिव्या. आजारी मुलांना वेगळं झोपवलं, डोळ्यांना जपायला व्हिटॅमिन ए चे डोस दिले, ज्यांच्या घरी एकच खोली त्यांच्या धाकट्यांना शेजाऱ्यांनी आपल्याकडे घेतलं. ज्यांनी छायाला नळावरून हटवलं होतं त्यांनीच तिला पहिला हंडा भरून दिला. नवीन मुलं सापडणं कमी झालं, मग अगदीच क्वचित, आणि मग ती संध्याकाळ आली जेव्हा मी लिहिलं — आता शाळेत एकही मूल आजारी नाही. सगळी बरी आहेत. सगळी. ग्रुपवर जे काही सुरू झालं! फटाके, हार, नाचणारी चित्रं. वस्तीत खरे फटाकेही वाजले. यादवजींनी तो मेसेज वाचताना शेवटी नुसतंच "बस, बस" म्हटलं, आणि तेही तसंच वाजवलं लाउडस्पीकरवर.

एकही मूल आम्ही गमावलं नाही. मला हे पुन्हा लिहायचंय. एकही नाही.

स्नेहसंमेलन उन्हाळ्याच्या तोंडाशी झालं. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. भाजीमंडई पडद्यामागून आली — टोमॅटो जरा बारीक झालेला, पण नवे दात फुटलेले — आणि शिट्ट्या अशा पडल्या की गाणं ऐकू येईना. वांगं आणि टोमॅटो हातात हात घालून नाचले. नंतर संस्थेच्या अध्यक्षांनी छायाला व्यासपीठावर बोलावलं, साडी दिली. मग मला बोलावलं. 'प्रामाणिक संवादाबद्दल' असं म्हणून शाल दिली. मी ती घेतली. दोन्ही हातांनी. छाया खालून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

तेव्हा बोलायची संधी होती. माइक समोर होता. मी स्वतःला काय सांगितलं माहीत आहे? की छायाची गोष्ट लोकांना पटली म्हणून लसी झाल्या, आता ती खोटी ठरली तर लोकांचा विश्वास उडेल. ऐकायला किती चांगलं वाटतं. पण शिबिराआधी, सभेत, रुग्णालयात तर छायाची कसली गोष्टच नव्हती. तेव्हाही मी गप्पच होते. मी फक्त भ्याले होते. आधी हशाला, मग रागाला, मग शाल जाण्याला.

छाया आता आमच्या शाळेत कामाला आहे. आरोग्याचं काम आम्ही दोघी बघतो. जूनमध्ये नव्या पालकांची सभा असते, तिथे ती बोलते. सुरुवात ठरलेली — "माझ्या पोरीनं या शाळेत गोवर आणला होता." आता ती हे ताठ मानेने म्हणते, लोक कान टवकारतात, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहिलेले डोस घ्यायला रांग लागते. मी शेजारच्या खुर्चीत असते. मान डोलावते.

यंदाच्या सभेत ईशानी आणि मित्रा पाण्याचे पेले द्यायला होत्या. दोघी आता मोठ्या वर्गात, एका बाकावर बसतात. छाया ते वाक्य बोलली तेव्हा मित्राने मान खाली घातली. मी पहिल्यांदाच पाहिलं ते. आईला ती गोष्ट कामाची वाटते, मुलीला नाही. वर्गात कुणी ना कुणी तिला चिडवत असणारच — गोवरवाली. ईशानीने तिच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

घरी आल्यावर म्हणाली, "आई, मला मुलुंडला झालं होतं ते काय होतं?"

"घामोळं," मी म्हणाले. हिवाळ्यात घामोळं!

ती बूट काढत होती. वर न बघता म्हणाली, "डॉक्टर गोवर म्हणाले होते. मी ऐकलं होतं." आणि बूट जागेवर ठेवून हात धुवायला गेली. पुढे काहीच बोलली नाही. आजतागायत नाही. माझ्यासाठी तीही आता लपवायला लागलीय.

तर गोवर मित्राने आणला नाही. तो तिला शाळेत मिळाला, माझ्या मुलीकडून, जिला मी ताप असताना औषध पाजून आणलं होतं. मला प्रत्येक क्षणी ते माहीत होतं. मी एका बाईला तिच्या मुलीच्या कॉटशी बसून स्वतःला दोष देऊ दिला, तिचं काम जाऊ दिलं, आणि तिच्या टाळ्या ऐकत शाल घेतली.

बाकी विजय खरा होता. तो छायाचा आहे, शिंदेंचा, यादवजींचा, त्या आजीचा. त्यातलं काहीही खोटं होत नाही.

सोमवारी सकाळी मुलं यायच्या आत छाया आणि मी हॉल उघडतो. तिला सांगणार आहे. मित्रालाही बोलवायला सांगितलंय, कारण ते तिनेही माझ्याच तोंडून ऐकायला हवं. मग नाईक मॅडमना. मग ग्रुपवर, आणि या वेळी नाव घालून. त्यानंतर छाया काय करेल, ते छाया ठरवेल.

माझी मुलगी ईशानी परब. गोवर तिने आणला नाही. तिच्या आईने.